वाचकांचे प्रश्न : कमी रॅममधला मॉडेड माइनक्राफ्ट सर्व्हर

माइनक्राफ्टच्या मॉडेड, म्हणजे खेळात भर घालणारे मॉड बसवलेल्या, सर्व्हरबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे खेळाची जावा आवृत्ती १.२०.१ आणि तो चालवणारी जावा १७ गृहीत धरावी. फोर्ज आणि फॅब्रिक या मॉड चालवणाऱ्या यंत्रणा. आज्ञा आणि सेटिंगांची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच लिहायची.

प्रश्न : आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, विंडोज १०. त्यावर फोर्जचा १२० मॉडांचा पॅक चालवतो, सहा जण खेळतो. सर्व्हरला सात जीबी दिली की लॅपटॉपच गोठतो. चार दिली तर मित्र म्हणतात, फार कमी दिलीस. नेमकी किती द्यावी? (नाशिक)

उत्तर : चारच द्या. मित्रांचा घोटाळा एका आकड्याच्या अर्थावरून झाला आहे. एक्सएमएक्स या सेटिंगचा आकडा म्हणजे जावाची एकूण मेमरी नव्हे, ती फक्त हीपची कमाल मर्यादा. चंक (जगाचे १६ गुणिले १६ ब्लॉकांचे तुकडे), प्राणी, पेट्यांतलं सामान, रेसिपी हे सगळं हीपमध्ये राहतं. हीपच्या बाहेर जावाला आणखी जागा लागते : मॉडांचे क्लास बसतात तो मेटास्पेस, चालता चालता तयार होणारा मशीन कोड, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक, नेटवर्कचे बफर आणि हीपमधला कचरा उचलणाऱ्या गार्बेज कलेक्टरची स्वतःची वहीखाती. शे-सव्वाशे मॉडांच्या पॅकला हा वरखर्च पाऊण ते एक जीबी धरावा. विंडोज अँटिव्हायरससकट अडीच-तीन जीबी अडवून बसतं. आठातून हे वजा केलं की चार उरतात.

तुम्ही सात दिले तेव्हा विंडोजने जागा करण्यासाठी मेमरीतला काही भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलला. ब्राउझरच्या बाबतीत हे खपून जातं, कारण उघड्या वीस टॅबपैकी एका वेळी तुम्ही एकच पाहता. जावाचा गार्बेज कलेक्टर मात्र काही काही वेळाने हीपच्या कोपऱ्याकोपऱ्यात डोकावतो. तो कोपरा डिस्कवर गेलेला असेल तर परत येईपर्यंत अख्खा सर्व्हर थांबतो. जुन्या लॅपटॉपात फिरती हार्ड डिस्क असेल तर हे थांबणं कित्येक सेकंदांचं असतं.

सर्व्हरच्या फोल्डरमध्ये यूझर_जेव्हीएम_आर्ग्ज ही टेक्स्ट फाइल सापडेल. तिच्यात दोन ओळी लिहा : -एक्सएमएस२जी (सुरुवातीची हीप) आणि -एक्सएमएक्स४जी (कमाल हीप). काहीच लिहिलं नाही तर जावा यंत्राच्या रॅमचा चौथा हिस्सा कमाल मानते. तुमच्याकडे ते दोन जीबी होतात, आणि तेवढ्यात १२० मॉड सुरू होतानाच धापा टाकतील. रन फाइलमधल्या आज्ञेच्या शेवटी नोजीयूआय जोडा, म्हणजे आलेख दाखवणारी खिडकी उघडणार नाही. जावा ६४ बिटची आहे ना, तेही पाहा. ३२ बिटची असेल तर दीड जीबीच्या आसपासच ती हात टेकते आणि हीपसाठी पुरेशी जागा मिळाली नाही असा संदेश देऊन सुरूच होत नाही. रॅम आठ जीबी असताना हा संदेश आला की माणूस रॅमच्या पट्ट्या काढून-घालून पाहतो. दोष तिथे नसतो.

याच लॅपटॉपवर स्वतः खेळू नका. या पॅकच्या खेळाडूच्या बाजूलाच चार-पाच जीबी लागतात.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लॅपटॉप फक्त सर्व्हरसाठीच ठेवणार असाल तर डेबियन १२ डेस्कटॉपशिवाय बसवा आणि ओपनजेडीके १७ ची हेडलेस आवृत्ती घाला. यंत्रणा दोनेकशे एमबी रॅममध्ये बसते आणि हीप सहा जीबीपर्यंत नेता येते. पैसे न घालता दोन जीबी रॅम मिळवण्याचा दुसरा मार्ग नाही.

प्रश्न : पॅनेलवर मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर दिसते. आधी चार जीबी होती, सहा केली, आठ केली, तरी आकडा तोच. अजून वाढवू का? (कोल्हापूर)

उत्तर : नका वाढवू. जावाला जेवढी हीप द्याल तेवढी ती भरत नेते, आणि मग कचरा उचलते. घंटागाडी रोज सकाळी येते हे ठाऊक असेल तर रात्री डबा भरलेला दिसण्यात काळजीचं काही नसतं. गाडी गेल्यावर डब्यात किती उरलं, ते बघायचं.

त्यासाठी जीसीची, म्हणजे गार्बेज कलेक्टरची, नोंदवही चालू करा. जेव्हीएम आर्ग्ज फाइलमध्ये -एक्सलॉग:जीसी:फाइल=जीसी.लॉग ही ओळ घाला आणि एक संध्याकाळ सगळ्यांना नेहमीसारखं खेळू द्या. नोंदी साधारण अशा दिसतील : पॉज यंग, २९००एम->१७००एम(४०९६एम), ३५ एमएस. पहिला आकडा उचलण्याआधीचा, दुसरा नंतरचा, कंसातला त्या वेळच्या हीपचा, आणि शेवटी त्यासाठी खेळ किती मिलिसेकंद थांबला ते. एका नोंदीवर विसंबू नका, कारण छोट्या फेरीत जुना कचरा तसाच राहतो. संध्याकाळभरातले दुसरे आकडे पाहून सर्वांत खालचा घ्या. सर्व्हरची खरी गरज साधारण तेवढी; हा त्याचा तळ. त्याच्या दीडपट ते दुप्पट हीप दिली की काम भागतं. तळ १.७ जीबी असेल तर तीन ते साडेतीन जीबी ठीक. आठ दिल्याने तो सर्व्हर वेगवान होणार नाही; उलट जगाच्या फाइली कॅशमध्ये ठेवायला ऑपरेटिंग सिस्टिमकडे जागा कमी उरेल.

मेमरी खरोखर कमी पडत असेल तर नोंदवहीत पॉज फुल हे शब्द वारंवार येतात, प्रत्येक फुलनंतर जेमतेम काही मोकळं होतं, आणि शेवटी आउटऑफमेमरीएरर, जावा हीप स्पेस असं लिहून सर्व्हर पडतो. तिसरी शक्यता अशी की तळच तासागणिक वर सरकतो : सात वाजता १.७, नऊला २.४, अकराला ३.१. खेळाडू तेवढेच आणि फिरणंही तेवढंच असताना असं झालं तर कुठला तरी मॉड जुन्या वस्तू सोडत नाही. तो मॉड अद्ययावत करावा. जमत नसेल तर रोज पहाटे पाच वाजता सर्व्हर आपोआप बंद होऊन चालू होईल अशी सोय करावी. या उपायाला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, पण गळती दुसऱ्याच्या कोडमध्ये असेल तर घरच्या सर्व्हरला हाच परवडतो.

तळ स्थिर आहे, पॉज फुल नाही, तरीही खेळ अडखळतो? मग दुखणं मेमरीचं नाहीच. सर्व्हर सेकंदाला २० टिक चालवतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. जगातली बहुतेक कामं एकाच मुख्य थ्रेडवर होतात, त्यामुळे आठ कोअर असले तरी एकाच कोअरचा वेग मोजायचा. स्पार्क हा मॉड घाला, अडखळणं चालू असतानाच स्पार्क प्रोफायलर स्टार्ट ही आज्ञा ५०० टिक किंवा अर्धा मिनिट चालवा, आणि मिळालेल्या दुव्यावर वेळ कुणी खाल्ला ते पाहा. बहुतेकदा निघतं ते असं : एका अंगणात दाटीने भरलेल्या चारशे कोंबड्या, किंवा पाइपांचं जाळं दर टिकला सगळ्या पेट्या चाळतंय. पैसे भरून वाढवलेल्या रॅमचा कोंबड्यांवर काही परिणाम होत नाही.

प्रश्न : चार जीबीचं लिनक्स यंत्र भाड्याने घेतलं. एक्सएमएक्स चार जीबी ठेवलं. रात्री सगळे जमले की सर्व्हर अचानक बंद होतो. क्रॅश रिपोर्ट नाही, लॉग अर्ध्या ओळीवर तुटलेला, टर्मिनलवर फक्त किल्ड. (पुणे)

उत्तर : जावाने तक्रारच केली नाही, याचा अर्थ जावाच्या हिशोबात मेमरी शिल्लक होती. मारलं लिनक्सच्या कर्नलने. यंत्रातली मेमरी संपत आली की ओओएम-किलर सगळ्यांत मोठी प्रक्रिया शोधून ती ठार करतो. खात्री करायला डीमेसेज -टी चालवून त्यात किल्ड प्रोसेस शोधा. पॅनेलवाल्या होस्टिंगमध्ये हेच एक्झिट कोड १३७ म्हणून दिसतं : १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे ठार मारण्याचा सिग्नल.

यंत्राचे चार जीबी, त्यातून लिनक्सचे तीनशे एमबी, जावाचा हीपबाहेरचा खर्च आठशे-नऊशे एमबी. हीपला राहिले पावणेतीन जीबी. थोडी जागा मोकळी राहावी म्हणून अडीचच द्या, -एक्सएमएक्स२५६०एम लिहा. पॅनेलवरचा प्लॅन चार जीबीचा असेल तर तिथेही हीप तीन जीबीच्या आतच हवी, कारण मर्यादा पूर्ण कंटेनरला, म्हणजे तुमच्या वाट्याच्या बंदिस्त जागेला, लागते.

या अचानक मरणात आणखी एक तोटा आहे. ऑटोसेव्ह दर ६००० टिकांनी, म्हणजे साधारण पाच मिनिटांनी होतो. शेवटच्या सेव्हनंतरचं काम जातंच, शिवाय खेळाडूचं सामान एका वेळी आणि चंक दुसऱ्या वेळी सेव्ह झालेला असला तर पेटीतले हिरे दुप्पट होतात किंवा दोन्हीकडून नाहीसे होतात. मग मित्रांत भांडणं.

दोन जीबीची स्वॅपफाइल (रॅम कमी पडली तर लागणारी डिस्कवरची जागा) करून ठेवा. वापरायला नव्हे, एखाद्या क्षणाचा फुगवटा सोसायला. क्रम असा : फॅलोकेटने फाइल करा, सीएचमॉड ६०० ने परवानगी आवळा, एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन. एफएसटॅबमध्ये नोंद टाका, नाहीतर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर स्वॅप लागणार नाही. व्हीएम.स्वॅपिनेस ६० वरून १० करा. फ्री -एम या आज्ञेत वापरलेली स्वॅप शंभर-दीडशे एमबी दिसली तर हरकत नाही. हजाराच्या पुढे गेली तर हीप आणखी कमी करा किंवा मॉड काढा. कंटेनरवाल्या प्लॅनमध्ये स्वॅप बहुधा तुमच्या हातात नसते.

प्रश्न : सगळीकडे जावासाठी फ्लॅगची, म्हणजे सुरू करतानाच्या सेटिंगांची, एक लांबलचक ओळ देतात, ऐकरचे फ्लॅग. तीन जीबीच्या हीपला तीच लावली. बरोबर ना? (मडगाव)

उत्तर : ती ओळ बऱ्याच मोठ्या हीपसाठी आणि पेपर या मॉड नसलेल्या सर्व्हर-प्रोग्रामसाठी जुळवलेली आहे. तीन जीबीत तिच्यातल्या दोन गोष्टी अंगाशी येतात. जी१न्यूसाइझपर्सेंट=३० नव्या वस्तूंसाठी किमान ३० टक्के राखते आणि जी१रिझर्व्हपर्सेंट=२० आणखी २० टक्के बाजूला ठेवते. उरली अर्धी, दीड जीबी. मॉडेड सर्व्हरचा तळच १.७ असेल तर ती बसणार कुठे? मग कलेक्टर सारखा धावत राहतो आणि प्रोसेसर खातो.

यूझजी१जीसी, पॅरललरेफप्रोकएनेबल्ड आणि डिसेबलएक्सप्लिसिटजीसी हे तीन ठेवा, बाकीचे काढा. मॅक्सजीसीपॉजमिलिस=२०० काढल्याने काही बिघडत नाही, जी१ या कलेक्टरचा मूळ आकडाही २०० च आहे. ऑलवेजप्रीटच बद्दल मतं दोन आहेत. तो सुरू होतानाच एक्सएमएसएवढी हीप प्रत्यक्ष ताब्यात घेतो. फक्त सर्व्हरसाठी असलेल्या यंत्रावर, एक्सएमएस आणि एक्सएमएक्स सारखे ठेवून, तो लावावा असं आम्ही म्हणू : हिशोब चुकला असेल तर दुपारी तुम्ही समोर असताना कळतं, रात्री दहाला सगळे गुहेत असताना नाही. घरच्या वापरातल्या लॅपटॉपवर लावू नये.

प्रश्न : मेमरी वाचवायला कुठले मॉड काढावेत, कुठले घालावेत? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आधी काढायचे ते सर्व्हरवर नकोच असलेले : चित्र सुधारणारे, शेडर, मेनू आणि आवाज बदलणारे. सोडियम, एम्बेडियम, आयरिस, ऑक्युलस ही सगळी खेळाडूच्या यंत्रावरची मंडळी. यातले काही सर्व्हरवर गप्प बसतात, काही सुरू होतानाच पाडतात. लॉगमध्ये इनव्हॅलिड डिस्ट डेडिकेटेड_सर्व्हर दिसलं की त्याच ओळीच्या आसपास मॉडचं नाव सापडतं. पॅक कर्सफोर्ज या साइटवरचा असेल तर फाइलींच्या यादीत सर्व्हर पॅक वेगळा मिळतो का ते बघा. खेळाडूचं मॉड्स फोल्डर जसंच्या तसं सर्व्हरवर ओतणं, ही नव्या लोकांची सगळ्यात नेहमीची चूक.

नंतरची काटछाट विचार करून. मॉडांची संख्या फसवी असते. दहा ओळींचं काम करणारे चाळीस छोटे मॉड मेमरीत दिसतही नाहीत, आणि हजारो ब्लॉक आणणारा फर्निचरचा एकच मॉड जागा अडवतो, कारण प्रत्येक ब्लॉकच्या दिशा, रंग, उघडं-मिटलं अशा प्रत्येक स्थितीची नोंद सुरू होतानाच हीपमध्ये बसते, कुणी तो ब्लॉक लावो न लावो. त्यामुळे एकाच कामाचे दोन-तीन मॉड असतील तर एक ठेवा : दोन बॅकपॅक, तीन प्रकारची साठवण यंत्रणा, दोन सजावटीचे संच. नवा भूभाग घडवणारे आणि जागोजागी वाडे-किल्ले उभे करणारे मॉड हीपपेक्षा प्रोसेसरवर जास्त भार टाकतात, पण तो भार नवीन चंक बनतानाच असतो. त्याचा उपाय पुढच्या उत्तरात आहे.

घालायचे : फेराइटकोर, जो वर सांगितलेल्या ब्लॉक-स्थितींच्या नोंदी एकमेकींत वाटून जागा वाचवतो, आणि मॉडर्नफिक्स, जो सुरू होण्याचा वेळ आणि मेमरी दोन्ही कमी करतो. दोन्ही फोर्जवर आणि फॅब्रिकवर चालतात, जगाला धक्का लागत नाही. टिकसाठी फॅब्रिकवर लिथियम, फोर्ज १.२०.१ वर त्याचंच रूपांतर असलेले कॅनरी किंवा रेडियम, दोन्हींपैकी एकच. अनुभवाचे गोळे एकत्र करणारा क्लम्प्स लहान आहे पण राक्षसांची शेती असेल तिथे कामाचा. सी२एमई चं नाव सगळे घेतात. तो चंक अनेक थ्रेडवर बनवतो, त्यामुळे एकाच वेळी जास्त चंक हातात असतात. हीप तीन-चार जीबी असताना तो टाळा.

चालू जगातून मॉड काढताना आधी पूर्ण बॅकअप. त्याचे ब्लॉक हवेत विरतात, पेट्या असतील तर आतलं सामानही जातं. १.१२.२ सारख्या जुन्या आवृत्त्यांत नोंदी हरवल्याचं लक्षात आल्यावर फोर्ज कन्सोलवर विचारतो, तिथे एफएमएल कन्फर्म लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. कन्सोल दिसत नसेल तर सर्व्हर अडकल्यासारखा वाटतो.

प्रश्न : एक मित्र पंख लावून उडत लांब जातो आणि बाकीच्यांचा खेळ अडतो. व्ह्यू-डिस्टन्स १० आहे. (ठाणे)

उत्तर : व्ह्यू-डिस्टन्स एन असेल तर एका खेळाडूभोवती (२एन+१) चा वर्ग एवढे चंक लागतात. १० ला ४४१, ८ ला २८९, ६ ला १६९. सहा जण सहा दिशांना असले तर १० ने २,६४६ आणि ६ ने १,०१४ चंक. कडेचे थोडे जादा धरा. १.१८ पासून प्रत्येक चंक ३८४ ब्लॉक उंच आहे, पूर्वी २५६ होता. सर्व्हर.प्रॉपर्टीज फाइलमध्ये व्ह्यू-डिस्टन्स ६ आणि सिम्युलेशन-डिस्टन्स ४ करा. पहिलं दिसण्यासाठी, दुसरं पिकं वाढण्या-प्राणी हलण्यासाठी. दुसरं ४ केलं की खेळाडूपासून चार चंकांपलीकडची शेती थांबते, हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा. लांबचे डोंगर दिसावेत असं ज्याला वाटतं त्याने आपल्या यंत्रावर डिस्टंट होरायझन्स घालावा. एकदा पाहिलेला भूभाग तो ढोबळ रूपात साठवून दाखवतो, सर्व्हरवर ओझं न टाकता.

उडणाऱ्या मित्राचा त्रास मुख्यतः नवीन चंक घडण्याचा आहे. तो चंकी या मॉडने आधीच संपवा. चंकी सेंटर ० ०, चंकी रेडियस ३०००, चंकी स्टार्ट. त्रिज्या ३००० म्हणजे बाजू ६००० ब्लॉक, ३७५ गुणिले ३७५, एकूण १,४०,६२५ चंक. कमकुवत यंत्राला यासाठी रात्र लागू शकते, कधी दोन. कुणी खेळत नसताना चालवा, मध्ये थांबवायचं असेल तर चंकी पॉज आणि मग चंकी कंटिन्यू. झाल्यावर वर्ल्डबॉर्डर सेट ६००० ने कुंपण घाला. या आज्ञेत पूर्ण रुंदी द्यायची असते, त्रिज्या नाही. ३००० लिहिलं तर घडवलेल्या जगाचा चौथा हिस्साच उरेल आणि एखाद्याचं घर बाहेर राहील.

चंक जागे ठेवणारे ब्लॉक किंवा जमिनीवर दावा सांगून चंक सक्तीने जागे ठेवण्याची (फोर्स-लोड) सोय पॅकमध्ये असेल तर तिचीही मर्यादा कमी करा. मालक झोपला तरी ते चंक हीपमध्ये जागेच असतात.

प्रश्न : १.१२.२ चे जुने पॅक हलके असतात म्हणतात. ते घ्यावेत का? (सोलापूर)

उत्तर : हलके आहेत. जावा ८ लागते, नवी चालत नाही. पण डिसेंबर २०२१ मध्ये लॉग लिहिणाऱ्या लॉग४जे या लायब्ररीमधलं भगदाड उघड झालं, तेव्हा चॅटमध्ये एक ओळ लिहून सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता. म्हणून फोर्ज १४.२३.५.२८५७ किंवा त्यापुढचाच वापरा. सिम्युलेशन-डिस्टन्स हे सेटिंग या आवृत्तीत नाही.

प्रश्न : सर्व्हर घरी सुरू आहे, पोर्ट २५५६५ राउटरवर उघडला, तरी बाहेरून कुणी येऊ शकत नाही. (अमरावती)

उत्तर : राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, किंवा माझा आयपी काय हे सांगणाऱ्या साइटवरच्या आकड्याशी जुळत नसेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असल्यामुळे तुमच्या राउटरवर पोर्ट उघडून काहीच होत नाही. पुरवठादाराकडून पैसे भरून स्थिर आयपी घ्या. किंवा सगळे ओळखीचेच असतील तर टेलस्केल किंवा झीरोटियर हे खाजगी नेटवर्क प्रत्येकाच्या यंत्रावर बसवा. किंवा प्लेइट सारखा बोगदा वापरा, त्यात खेळाडूंना काही बसवावं लागत नाही. सिम्पल व्हॉइस चॅट मॉड असेल तर त्याला यूडीपी २४४५४ वेगळा लागतो. खेळ चालतो पण आवाज येत नाही, ही तक्रार जवळजवळ नेहमी तिथलीच.

प्रश्न : आम्ही चौघे पुण्यात, दोघे जर्मनीत शिकायला. यंत्र मुंबईत घ्यावं की फ्रँकफुर्टमध्ये? (पुणे)

उत्तर : मुंबईत. जर्मनीवाल्यांचा पिंग शंभर मिलिसेकंदांच्या पुढेच राहील, पण बांधकाम, यंत्रं, शेती यांत तेवढा उशीर खपतो. फोडलेला ब्लॉक क्षणभर परत येताना दिसतो, एवढंच. फक्त तक्रार ऐकताना फरक करा : दोघांनाच अडखळत असेल तर वाट लांबची आहे, सहाही जणांना एकाच क्षणी अडखळलं तर सर्व्हरची टिक चुकली आहे.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. त्याचा हा सर्व्हर जुन्या लॅपटॉपवर दिवसरात्र चालू असतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज सारखी जाते. काही बिघडेल का? (रत्नागिरी)

उत्तर : लॅपटॉपची बॅटरी अजून अर्धा-पाऊण तास टिकत असेल तर तोच त्याचा यूपीएस. आधी जातो तो राउटर. त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर जुळवून घ्या. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये अशी सेटिंग मुलाला करायला सांगा (लिनक्सवर लॉगिनडी.कॉन्फ मध्ये हँडललिडस्विच=इग्नोर), पण हवा खेळण्यासाठी झाकण थोडं उघडं आणि लॅपटॉप टणक जागेवर, गादीवर नाही. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचलला गेला, तर सर्व्हर त्याच दिवशी बंद करून ती बॅटरी काढून घ्या.

आता मुलासाठी. बॅटरी २० टक्क्यांवर आली की कन्सोलवर स्टॉप आपोआप जाईल अशी स्क्रिप्ट लिही. वीज मध्येच गेली आणि जग उघडेना, तर जगाच्या फोल्डरमधली लेव्हल.डॅट बाजूला ठेवून लेव्हल.डॅट_ओल्डचं नाव लेव्हल.डॅट कर, खेळाडूंच्या फाइलींनाही अशी जुनी प्रत असते. रोजचा बॅकअप घेताना क्रम चुकवू नकोस : सेव्ह-ऑफ, सेव्ह-ऑल फ्लश, फोल्डरची प्रत, सेव्ह-ऑन. शेवटची आज्ञा विसरलास तर सर्व्हर पुढे जग आपोआप सेव्ह करणार नाही आणि कुणाला कळणारही नाही. प्रत त्याच लॅपटॉपवर ठेवू नकोस.

प्रश्न : मोठ्या पॅकमध्ये नवीन मितीत (खेळातल्या दुसऱ्या जगात) शिरलं की सर्व्हर पडतो. लॉगमध्ये एका टिकला ६० सेकंद लागले असं येतं. (नागपूर)

उत्तर : सर्व्हरवरचा पहारेकरी एक टिक ६० सेकंदांत संपली नाही की सर्व्हर मेला असं समजून स्वतःच बंद करतो. मंद यंत्रावर नव्या मितीचे पहिले चंक घडायला तेवढा वेळ खरोखर लागू शकतो. सर्व्हर.प्रॉपर्टीज फाइलमध्ये मॅक्स-टिक-टाइम ६०००० वरून १८०००० करा. पुष्कळ जण -१ करून पहारेकरीच काढून टाकतात. मग खरोखर अडकलेला सर्व्हर रात्रभर तसाच लटकत राहतो आणि आपोआप पुन्हा सुरू होण्याची तुमची सोय निकामी होते. तीन मिनिटांतही पडत असेल तर क्रॅश रिपोर्टमधल्या सर्व्हर थ्रेडच्या ओळी वरून खाली वाचा. पहिलं ओळखीचं मॉडचं नाव बहुधा गुन्हेगाराचं असतं. सर्व्हर.प्रॉपर्टीजमध्ये आहात तोवर अलाउ-फ्लाइट ट्रू करा, नाहीतर जेटपॅकवाल्यांना सर्व्हर उडतोस म्हणून हाकलतो.

प्रश्न : दोन मित्रांकडे विकत घेतलेला खेळ नाही, म्हणून ऑनलाइन-मोड फॉल्स ठेवला आहे. व्हाइटलिस्ट (परवानगी असलेल्या नावांची यादी) चालू आहे, मग सुरक्षितच ना? (सातारा)

उत्तर : नाही. ऑनलाइन-मोड बंद असताना खेळाडू जे नाव सांगेल ते सर्व्हर खरं मानतो. तुमचं ॲडमिनचं नाव घेऊन कुणीही शिरला तर व्हाइटलिस्ट त्याला दार उघडून देईल आणि ॲडमिनचे सगळे अधिकारही मिळतील. उघड्या पोर्टवर असे सर्व्हर शोधत फिरणारे बॉट असतात. ऑनलाइन-मोड ट्रू करा. दोघांना खेळ विकत घ्यावा लागेल. मोड बदलल्यावर प्रत्येकाचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतो, म्हणून जुन्या नावाखालचं सामान रिकामं दिसेल : बदल करण्याआधी सगळ्यांनी आपल्याजवळचं सगळं पेट्यांत ठेवावं, अंगावरचं चिलखतसुद्धा.